ऑक्टोबरला बसलेले यंत्र

१९८६ च्या गणेशोत्सवात, पाचव्या दिवशी संध्याकाळी, मुलुंड पूर्वेतील आमच्या सोसायटीच्या मंडपात वामनराव गोठोस्कर यांनी बुद्धिबळ खेळणाऱ्या एका अमेरिकन यंत्राला शंभरपैकी चौतीस गुण दिले आणि एका गुणाने नापास केले. यंत्राचे मालक सुधीर साठे यांनी निकालाला हरकत घेतली. यंत्राने घेतली नाही. ते त्या वेळी वामनरावांच्या राजाला शह देत होते.

वामनराव तळमजल्यावर राहत. विम्याच्या एका कचेरीत ते दाव्यांच्या विभागात होते आणि तिथूनच निवृत्त झाले. म्हणजे माणसाशी त्यांची पहिली गाठ पडे ती त्याचे सगळे आटोपल्यावर. या नोकरीमुळे त्यांचा स्वभाव तसा झाला की स्वभाव तसा म्हणून त्यांना तो विभाग मिळाला, याबद्दल त्यांच्या घरातच दोन मते होती. त्यांच्या पत्नी माई दुसऱ्या मताच्या. "लग्नात अंतरपाट धरलेलो होतो," त्या सांगत, "आणि ह्यांनी भटजींना इचारलेला, शेवटची पंगत कधी उठतली?"

सोसायटीत वामनराव परीक्षक होते. त्यांना कोणी नेमले होते हे कोणाला आठवत नव्हते. रांगोळी, वक्तृत्व, भावगीत, पाककृती, सजावट, वेशभूषा, कोणतीही स्पर्धा असो, मंडपाच्या उजव्या कोपऱ्यात हातांची एक लाकडी खुर्ची ठेवली जाई आणि तीत ते बसत. ती खुर्ची मंडळाची होती, पण एरवी तीत दुसरे कोणी बसत नसे. एका वर्षी पाहुणे म्हणून आलेले नगरसेवक चुकून बसले, तेव्हा वामनराव भाषण संपेपर्यंत त्यांच्यासमोर उभे राहिले आणि मग म्हणाले, "भाषण बरं झालं. संपलं नाही फक्त."

त्यांची गुण देण्याची पद्धत ठरलेली होती. सुरुवातीला वीस, मधल्या भागाला तीस, शेवटाला पन्नास. "सुरुवात काय, कोणालाही येते," ते म्हणत. "पोर जन्माला येतं तेव्हा काय ट्रेनिंग घेऊन येतं? शेवट दाखव." वक्तृत्वात जो स्पर्धक "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" म्हणे त्याचे पन्नासचे पन्नास जात. वामनरावांचे म्हणणे, संपवायचे असेल तर संपव, सूचना कसली देतोस. रांगोळीत ते रंग बघत नसत, रेघ जिथे येऊन मिळते तो सांधा शोधत. भावगीताच्या स्पर्धेत वेळ कमी उरला तेव्हा ते गायिकेला म्हणाले होते, "बाई, तुम्ही भैरवीच म्हणा. बाकीचं मी धरून चालतो."

वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापासून वाचत. मी एका दैनिकात बातम्या संपादित करायचो, त्यामुळे जिन्यात गाठ पडली की तक्रार ठरलेली.

"तुमच्या बातमीला शेवट नसतो रे."

"जागा संपते, काका. खालून कापतात."

"म्हणजे शेवट लिहितात, आणि तोच कापतात?"

"हो."

"आणि याचा पगार देतात?"

ते स्वतः बुद्धिबळ खेळत, आणि फारसे चांगले खेळत नसत. हे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढे सोसायटीत वेगळ्या कथा पसरल्या. ते कुडाळजवळच्या गावी, देवळाच्या ओसरीवर, जुन्या देशी पद्धतीने हा खेळ शिकले होते. त्या पद्धतीत सगळे विजय सारखे नसतात. वजिराने किंवा हत्तीने मात केली तर ती साधी मात. प्याद्याने मात केली तर ती प्यादेमात, आणि तिची गोष्ट गावात वर्षभर सांगितली जाते. आणि समोरच्याचे सगळे मोहरे मारून त्याचा राजा एकटा उरवला, तर ती बुर्जी. बुर्जी म्हणजे डाव बरोबरीत. मारणाऱ्याला शोभा नाही, एकट्या राजाला लाज नाही. "नागड्या माणसाला मारण्यात कसलं शौर्य," असा त्यामागचा विचार वामनराव सांगत.

परिणाम असा की दोन हत्ती हाताशी असताना वामनराव प्यादे घेऊन मात करायला निघत. वाटेत ते प्यादे मरे, मग एक हत्ती, मग दुसरा. संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर त्यांच्याशी खेळायला लोक उत्सुक असत ते यामुळेच. मुलुंडमध्ये त्यांच्या हातून एकदाही प्यादेमात झाल्याचे कोणी पाहिलेले नाही. माईंचे म्हणणे कुडाळातही झाली नव्हती. वामनरावांचे म्हणणे, एकदा झाली, पण साक्षीदार वारला.

दुसऱ्यांचे डाव बघायला ते शेवटीच येत. पटावर गर्दी असली की "अजून बाजार भरलाय" म्हणून फेरी मारायला जात आणि मोजके मोहरे उरले की परत येऊन डोक्यावर उभे राहत. मग हरणारा आणि जिंकणारा दोघेही त्यांना बसायला सांगत, म्हणजे निदान ते डोक्यावरून बोलणार तरी नाहीत.

सुधीर साठे दुसऱ्या मजल्यावर. इंजिनीयर, तिशीतला, बोलण्यात झपाटा. त्याचा मोठा भाऊ अमेरिकेत. त्या भावाने उन्हाळ्यात येताना यंत्र आणले: एका सपाट पेटीवर पट, घरांच्या कडेने बारीक लाल दिवे. आपला मोहरा घरावर किंचित दाबून ठेवायचा, मग यंत्र विचार करणार, दिवे लावून कुठला मोहरा कुठे न्यायचा ते सांगणार, आणि तो मोहरा आपणच न्यायचा. यंत्र अमेरिकेच्या विजेवर चालत असल्याने त्याच्याबरोबर एक ट्रान्सफॉर्मर होता. तो यंत्राहून जड होता.

पंधरवड्यात यंत्राने कट्ट्यावरच्या सगळ्यांना हरवले. सुधीरला त्यात आपण जिंकल्याचा आनंद होई. वामनराव नेहमीप्रमाणे शेवटी शेवटी येऊन बघत. एका रविवारी त्यांनी पहिले मत दिले.

"ह्येका शेवट कळणा नाय."

"काका, जिंकलं ना ते आत्ता."

"जिंकलं रे. पण कसं? वजीर घेऊन समोरच्याच्या मागे सगळ्या पटभर फिरलं. कोंबडी पकडायला पाठवलेला माणूस असाच फिरतो."

"जिंकण्याशी मतलब."

"मग परीक्षेला बसवू नको. मॅच खेळव."

त्यांचे निरीक्षण अगदीच चुकीचे नव्हते. पटावर गर्दी असताना यंत्र एकही मोहरा फुकट देत नसे. पण मोहरे कमी झाले की त्याचा राजा कोपऱ्यात बसून राही, जणू अजून बाहेर धोका आहे. समोर एखादे प्यादे दिसले की ते खायला जाई आणि खाल्ल्यावर आपण तिथे का आलो हे त्याला माहीत नसे. चार चाली पुढचे त्याला दिसे, दहा चाली पुढचे दिसत नसे. सुधीर हे मान्य करी. "पण यार, आपल्याला तरी कुठे दिसतं," असे त्याने मला सांगितले होते. वामनरावांना सांगितले नव्हते.

सुधीरला वामनरावांचा जुना राग होता. आदल्या वर्षी पाककृती स्पर्धेत त्याची पत्नी नीला हिने पुरणपोळ्या केल्या होत्या. वामनरावांनी पोळी कडेपर्यंत खाल्ली, डोळे मिटले आणि जाहीर केले की शेवटचा घास कोरडा आहे, पुरण काठापर्यंत पोचलेले नाही. नीलाला उत्तेजनार्थही मिळाले नाही. सुधीरची आई कुसुमताई हिने तेव्हा "मी सांगितलं होतं" असे म्हटले, आणि त्या घरात त्या वाक्याचा हिशेब पुढे बरेच महिने चालू राहिला.

यंत्र आले त्या वर्षी मंडळाच्या सभेत सुधीरने सूचना मांडली की परीक्षक बदलावा. नवे विचार यायला हवेत. सभेत शांतता पसरली, कारण बहुतेकांना सूचना पटली होती. वामनराव उठले.

"कोणाला आणणार?"

"कोणी तरी बाहेरचं. तटस्थ."

"तुझ्या यंत्राइतकं तटस्थ कोण आहे? त्याला आण. पाचव्या दिवशी मंडपात मी त्याच्याशी खेळतो. ते माझ्यापेक्षा सरस ठरलं तर मी खुर्ची सोडली. पुन्हा बसणार नाही. नाही ठरलं तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाही."

सुधीर हसला. तो लगेच "चालेल" म्हणाला. वामनराव काय प्रतीचे खेळाडू आहेत ते सगळ्यांनाच ठाऊक होते. माईंना हे कळले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. त्या मला म्हणाल्या, "त्या खुर्चेशिवाय ह्यांका दुसरा आसा काय? घरात ह्यांका गुण कोण इचारता?" हे त्या हसत म्हणाल्या नाहीत.

पाचव्या दिवशी चार वाजता खेळ सुरू झाला. ट्रान्सफॉर्मर गणपतीच्या रोषणाईच्या वायरवर जोडला होता. यंत्राच्या चाली सुधीर खेळत होता आणि माईकवरून सांगतही होता. वामनराव इस्त्रीचे धोतर नेसून आले होते. परीक्षकाची खुर्ची कोपऱ्यात रिकामी होती. त्यांनी स्वतःसाठी पत्र्याची घडीची खुर्ची मागवली. "आज मी उमेदवार," ते म्हणाले.

सुरुवातीतच त्यांचा घोडा गेला. मग हत्ती. सुधीरच्या आवाजात हळूहळू क्रिकेटच्या समालोचनाचा सूर आला. "आणि काकांचा दुसरा उंटसुद्धा परतीच्या वाटेवर." लोक हसले. वामनरावांनी मान वर केली नाही. मधल्या भागात त्यांनी दोन-तीन मोहरे परत मिळवले, बरेचसे यंत्राच्या हावरेपणामुळे. यंत्राचा वजीर एक प्यादे खायला कडेला गेला आणि अडकला. तेव्हा टाळ्या पडल्या. तरीही पाच वाजता पटावरची स्थिती अशी होती: यंत्राकडे राजा, एक उंट आणि पटाच्या अगदी कडेच्या पट्टीतले एक प्यादे. वामनरावांकडे राजा आणि एक प्यादे.

इथे वामनरावांनी आपले शेवटचे प्यादे उंटासमोर नेऊन ठेवले. यंत्राने ते खाल्ले. वामनराव उठून उभे राहिले.

"बुर्जी," ते म्हणाले. "राजा एकटा उरला. डाव बरोबरीत."

सुधीरने माईक खाली ठेवला. "काका, हा नियम कुडाळात. आंतरराष्ट्रीय नियमात असलं काही नाही. प्यादं शेवटच्या घरात जाणार, वजीर होणार, तुम्ही मरणार. बसा."

"बुर्जी झाल्यावर बसत नाहीत."

"मशीनला माहीत नाही ना पण बुर्जी."

"म्हणूनच म्हणतो, शेवट कळत नाही."

वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष मध्ये पडले आणि आंतरराष्ट्रीय नियमाने खेळावे असे ठरले. वामनराव बसले. त्यांनी आपला राजा जवळच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला, बहुधा आता कुठेही नेला तरी सारखेच या हिशेबाने. नंतर सोसायटीत जे सांगितले गेले, की हे त्यांनी आधीच पाहून ठेवले होते, त्याला आधार नाही. मी त्यांना विचारले होते. "कोपऱ्यात भिंत असते," एवढेच उत्तर मिळाले.

पण तो कोपरा बरोबर निघाला. यंत्राचे प्यादे ज्या घरात पोचून वजीर होणार ते कोपऱ्याचे घर पांढरे होते, आणि यंत्राचा उंट काळ्या घरांवरून चालणारा. तो उंट त्या कोपऱ्यातून राजाला हुसकावू शकत नव्हता. शेजारच्या घरात राजा आला तर उंट शह देई, राजा पुन्हा कोपऱ्यात जाई. सगळ्या वाटा बंद केल्या तर राजाला शह नाही आणि चालही नाही अशी कोंडी होऊन डाव बरोबरीत सुटणार. म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमानेही यंत्र जिंकू शकत नव्हते. आमच्या दैनिकात बुद्धिबळावर लिहिणाऱ्या गृहस्थांकडून मी हे दुसऱ्या दिवशी तपासून घेतले. मंडपात त्या वेळी हे कोणालाच माहीत नव्हते, यंत्राला तर नव्हतेच. त्याच्या हिशेबाने एक उंट आणि एक प्यादे जास्त होते. म्हणजे ते जिंकत होते.

ते जिंकत राहिले. उंट पटभर फिरून आला. यंत्राचा राजा दोन घरे मागे गेला, पुन्हा दोन घरे पुढे आला. तीच ती स्थिती पुन्हा पुन्हा आली तर डाव सुटतो एवढे त्याला शिकवलेले असावे, कारण दर वेळी ते काही तरी किरकोळ बदल करी. वामनराव राजा कोपऱ्यातून शेजारी आणि शेजारून कोपऱ्यात नेत होते. मधल्या वेळात त्यांनी एक चकली खाल्ली.

"सुधीर, हे काय करतंय रे?"

"विचार करतंय."

"कसला?"

"तुम्हाला मारायचा."

"मला वाटलं, गणपती बघत फिरतंय."

आरतीची वेळ झाली. अध्यक्षांना टेबल हवे होते. प्रसादाची परात ठेवायची होती. सुधीर सोडायला तयार नव्हता. "जिंकतंय ते, यार, जिंकत असताना कसं थांबवायचं?" माणसे ताटकळली होती. कोणी तरी मागून म्हणाले, "परीक्षक काय म्हणतात ते विचारा ना." आणखी कोणी हसले. पण अध्यक्षांना ते गंभीरपणे पटले. निकाल द्यायला दुसरा माणूसच नव्हता.

वामनराव घडीच्या खुर्चीवरून उठले. धोतराचा सोगा सावरला. चार पावलांवरच्या लाकडी खुर्चीत जाऊन बसले, आणि बसताच त्यांचा आवाज बदलला.

"यंत्र. सुरुवात, वीसपैकी अठरा. मध्य, तीसपैकी सोळा, हावरेपणाचे कापले. शेवट, पन्नासपैकी शून्य. एकूण चौतीस. नापास."

मंडपात हशा झाला. सुधीर लाल झाला. "शून्य? काका, निदान एक तरी द्या. एक मार्क."

"कशाबद्दल?"

"प्रयत्नाबद्दल."

"प्रयत्नच दिसतोय, म्हणून शून्य. संपव म्हटलं की संपवता यायला हवं. ऑक्टोबरला बसव."

शालान्त परीक्षेत मार्चमध्ये नापास झालेली मुले ऑक्टोबरला बसत. ज्या घरांतून अशी मुले होती तिथला हशा थोडा कमी झाला. तेव्हा नीलाने विचारले, "आणि तुम्हाला किती, काका?"

वामनरावांनी तिच्याकडे पाहिले. बहुधा हा प्रश्न सुधीरला सुचेल असे त्यांना वाटले होते.

"उमेदवार गोठोस्कर," ते म्हणाले. "सुरुवात, चार. मध्य, सात. शेवट, वीस."

"डाव वाचवलात, तरी वीसच?"

"बुर्जीला याहून जास्त देत नाहीत. एकूण एकतीस. नापास."

बेरीज सगळ्यांच्या एकदमच लक्षात आली. सुधीर सावकाश म्हणाला, "चौतीस आणि एकतीस. म्हणजे यंत्र सरस."

"तीन गुणांनी," वामनराव म्हणाले, आणि खुर्चीतून उठले. "आरती सुरू करा."

आरतीत ते मागच्या रांगेत उभे होते. यंत्राची वायर कोणीच काढली नव्हती. आरती चालू असताना मध्येच ते वाजत होते. वामनरावांची चाल व्हायची होती.

त्यांनी स्वतःला चार गुण वाढवून दिले असते तर कोणी विचारले नसते. त्यांनी असे का केले याबद्दलही दोन मते आहेत. माईंचे मत, आयुष्यभर दुसऱ्यांचे गुण कापले, शेवटी हाताने सवयीने स्वतःचेही कापले. नीलाचे मत वेगळे, आणि त्याला पुढच्या वर्षीच्या घटनांचा आधार आहे.

खुर्ची रिकामी झाल्यावर मंडळाने ती सुधीरला दिली. पुढच्या गणेशोत्सवात पाककृती स्पर्धेत नीलाने पुन्हा पुरणपोळी केली. कुसुमताईंनी आयुष्यात पहिल्यांदाच भाग घेतला आणि त्यांनीही पुरणपोळीच केली. सुधीर लाकडी खुर्चीत बसला होता. एका हातात आईची पोळी, दुसऱ्या हातात बायकोची. मंडप कधी नव्हे इतका भरला होता. वामनराव मागच्या रांगेत होते आणि त्या दिवशी ते अगदी सुरुवातीपासून हजर होते. सुधीरने दोघींना विभागून प्रथम क्रमांक दिला. त्यानंतर दोघीही त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तो वामनरावांकडे गेला. खुर्ची परत घ्या म्हणाला.

"नापास माणूस परीक्षक? लोक काय म्हणतील?"

"काका, प्लीज."

"पस्तीस पडू देत. मग बघू. तुझ्या यंत्राचं काय? ऑक्टोबर जवळ आला."

तेव्हापासून यंत्र वामनरावांकडे राहू लागले. सुधीरने ट्रान्सफॉर्मर खाली आणून दिला आणि एक गोष्ट समजावून सांगितली: हे यंत्र शिकत नाही. काल केलेली चूक आज त्याला आठवत नाही. वामनरावांनी ऐकून घेतले. "आमच्या विभागात असे तीन जण होते," ते म्हणाले. "एकाला बढती मिळाली."

रोज दुपारी चहा झाला की ते पटावर मोजकेच मोहरे मांडत आणि यंत्राला शेवट शिकवत. शिकवणे म्हणजे तोच शेवट पुन्हा पुन्हा खेळणे आणि दर वेळी तीच चूक झाली की बोलणे. खिडकी उघडी असल्याने ते जिन्यात ऐकू येई. "राजा घरात काय ठेवतोस? पोरं मोठी झाली, आता बाहेर पड." "ते प्यादं खाऊ नको. खाऊ नको म्हटलं ना. खाल्लंस." यंत्र एक शिट्टी वाजवी. माई आतून म्हणत, "उलट उत्तर देता तो." ऑक्टोबर आला आणि गेला. यंत्र पुन्हा नापास झाले. या वेळी किती गुण, ते वामनरावांनी सांगितले नाही. मुलादेखत सांगू नये म्हणाले.

८८ साली त्यांच्या मुलीने दिंडोशीला नव्या वसाहतीत घर घेतले आणि वामनराव व माई तिच्याकडे राहायला गेले. यंत्र सोबत गेले. ट्रान्सफॉर्मर मात्र गडबडीत मुलुंडलाच राहिला. एका रविवारी सुधीर तो पोचवायला निघाला आणि मीही बरोबर गेलो. पवईला बस बदलली. आरे कॉलनीच्या रस्त्यावर म्हशींचा कळप आडवा आला आणि बस थांबून राहिली. ट्रान्सफॉर्मर सुधीरच्या मांडीवर होता. "मी हे नक्की कोणासाठी नेतोय?" त्याने विचारले. म्हशी गेल्यावर बस निघाली.

वामनराव बाल्कनीत बसले होते. वाळले होते. बाल्कनीतून टेकडी दिसत होती, पण त्यांची खुर्ची पटाकडे तोंड करून होती. इतके दिवस वीज नसल्याने अभ्यास बुडाला, असे त्यांनी सांगितले. वायर जोडताच ते खेळायला बसले. अख्खा डाव, पहिल्यापासून. आम्ही चहा घेत माईंशी बोलत होतो.

थोड्या वेळाने बाल्कनीतला आवाज बंद झाला. आम्ही गेलो तेव्हा वामनरावांचा राजा पटाच्या कडेला होता, दोन बाजूंना त्यांचेच मोहरे. यंत्राचे दिवे लागले होते. एक दिवा एका प्याद्याच्या घराचा, दुसरा त्याच्या पुढच्या घराचा. वामनराव ते दिवे बघत होते. मग त्यांनी यंत्राचे ते प्यादे उचलले आणि एक घर पुढे ठेवले, किंचित दाबून. यंत्राने शिट्ट्यांची एक लांब माळ वाजवली, जी ते डाव संपल्यावरच वाजवी.

सुधीरने वाकून पाहिले. राजाला शह होता आणि जायला घर नव्हते.

"काका, प्यादेमात."

"दिसतंय मला."

माई दारात उभ्या होत्या. "झाली मा शेवटी तुमच्या हातून," त्या म्हणाल्या.

"माझ्या हातून, पण माझ्यावर." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "कॉपी केली असणार."

"कोणाची?" सुधीरने विचारले.

"इथे माझ्याशिवाय दुसरं कोण खेळतं?"

ते खुर्चीत थोडे सरळ बसले. ती घडीची पत्र्याची खुर्ची होती. आवाज मंडपातला होता.

"यंत्र. एकूण पस्तीस. पास."

"प्यादेमात करून पस्तीसच?"

"मागच्या दोन वर्षांचं काय?"

"आणि उमेदवार गोठोस्कर?"

"मी पुढच्या ऑक्टोबरला," वामनराव म्हणाले. "ने आता याला घरी. पास झालेलं मूल क्लासमध्ये ठेवत नाहीत."

परतीच्या बसमध्ये यंत्र माझ्या मांडीवर होते आणि ट्रान्सफॉर्मर सुधीरच्या. वळणावरून मागे पाहिले तेव्हा वामनराव बाल्कनीत होते. समोर रिकामे टेबल होते.

पुढच्या ऑक्टोबरच्या आधी ते वारले. मंडळाच्या लाकडी खुर्चीत ते पुन्हा बसले नाहीत.

आम्ही दिंडोशीहून परतल्यानंतर त्याच आठवड्यात सुधीरच्या नावे पेढ्यांचा पुडा आला होता. तो माईंनी तिथल्या शेजारच्या एका गृहस्थांबरोबर पाठवला होता. कोण पास झाले, असे त्या गृहस्थांनी दिंडोशीला विचारले होते. वामनरावांनी त्यांना "आमच्याकडे शिकायला होता एक" असे सांगितले होते. पुड्यात चिठ्ठी नव्हती. नीला म्हणते, सुधीरने पहिला पेढा देवापुढे ठेवला आणि दुसरा यंत्रापुढे. सुधीर हे नाकारतो. दुसरा पेढा यंत्राच्या पटावर, कोपऱ्यातल्या पांढऱ्या घरात होता, हे कुसुमताईंनी पाहिले आहे. सकाळी तो तिथे नव्हता.